कंसातलं मोठ्यानं वाचू नये

तीर्थरूप आप्पा,

तुमच्या एकुलत्या एका मुलाचा तुम्हाला, आईला आणि तुमच्या नव्या डोळ्याला साष्टांग नमस्कार. डॉक्टरांनी महिनाभर वाचन बंद सांगितलंय आणि नवा चष्मा अजून व्हायचाय, तेव्हा हे पत्र ताईच तुम्हाला वाचून दाखवत असणार. तिचा आवाज मुळातच खणखणीत, त्यात तीस वर्षं शाळेत शिकवण्यात गेलेली, त्यामुळे ऐकायला काही अडचण पडणार नाही. (ताई, इथे थांब. हा कंस मनातल्या मनात वाच. यापुढे कंसात जे जे येईल ते फक्त तुझ्यासाठी आहे, त्यातलं अक्षरही मोठ्यानं वाचायचं नाही. मुलांना शुद्धलेखन घालताना तू ‘कंस सुरू, कंस पूर्ण’ असं म्हणतेस, ती सवय कृपा करून आज बाजूला ठेव. फोन करावा तर तो आप्पा उचलतात आणि स्पीकरवर टाकतात. मेसेज पाठवावा तर तुझा मोबाइल आप्पांच्या उशाशी, आणि ऑपरेशन झाल्यापासून त्यांनी तो असा करून घेतलाय की आलेला प्रत्येक मेसेज आपणहून मोठ्यानं वाचतो. परवा मी ‘ताई, एकटी आहेस का?’ एवढंच पाठवलं, तर दुसऱ्या मिनिटाला आप्पांचा फोन, ‘एकटी कशी असेल? आम्ही मेलो की काय?’ तेव्हा आता कंसाशिवाय मला वाली उरलेला नाही. तर सांगायचं ते असं, की जिन्यातली रंगीत काच फुटली. किंचाळू नकोस. पाणी पी आणि पुढचं वाच.)

डोळ्यात थेंब वेळच्या वेळी घालता ना? खाली वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, आणि ताईच्या घरातले नळ दुरुस्त करायला जायचं नाही, हे आईनं मला फोनवर तीनदा सांगितलं, ते मी तुम्हाला एकदा सांगतो. आईचे गुडघे कसे आहेत? इकडे घर जागच्या जागी आहे. जाताना तुम्ही जिन्यातल्या काचेविषयी ज्या सात सूचना लिहून भिंतीला चिकटवून गेलात, त्या आम्ही सगळे येता-जाता वाचतो. आईच्या वडिलांनी तिच्या लग्नात दिलेली, तिच्या माहेरची एवढी एकच वस्तू आपल्या घरात. तिला कोणी बोट लावू नये, तिच्याजवळ कोणी पळू नये, दार आपटू नये, जोरात शिंकू नये, हे आम्हाला लहानपणापासून पाठ आहे. घराच्या रंगाचं काम ठरल्याप्रमाणे सुरू झालं. रंगाऱ्यांची शिडी काचेला लागू नये म्हणून मी पुरेपूर काळजी घेतली. (तीच भोवली. रंगारी शिडी घेऊन जिन्यातून जाणार, म्हणून काचेसमोर आडोशाला जाड गादी टांगावी असं माझ्या मनात आलं. गादी टांगायची तर खिळा हवा. खिळा मी भिंतीत ठोकणार होतो, पण भिंतीवर आप्पांच्या सूचना चिकटवलेल्या, त्यांना भोक पडलं असतं. म्हणून चौकटीत ठोकला. दुसऱ्या ठोक्याला आतून ‘टिक्’ असा अगदी बारीक आवाज झाला, पापड मोडावा तसा, आणि मधल्या पांढऱ्या पक्ष्याचं डोकं शिशाच्या पट्टीतून सुटून बाहेरच्या बाजूला निघून गेलं. बाकीचं सगळं शाबूत. निळं पाणी आहे, हिरवे लव्हाळे आहेत, पक्ष्याचं अंग आहे, मान आहे, आणि मानेच्या वर वाटीएवढ्या भोकातून शेजाऱ्यांचा गॅलरीतला टॉवेल दिसतो. रंगारी तेव्हा अजून खाली चप्पल काढत होते.)

शेजाऱ्यांनी नवं कुंपण घातलं. भिंत चांगली भक्कम झाली आहे. (डोकं त्या भिंतीत आहे. मी धावत खाली गेलो तोवर ते शेजाऱ्यांच्या गवंड्यानं कालवून ठेवलेल्या सिमेंटच्या ढिगात पडलं होतं, आणि गवंडी मन लावून फावडं चालवत होता. ‘काच पडली का हो यात?’ म्हटलं, तर म्हणाला, ‘पडली असेल. बरंच आहे, माल घट्ट होतो.’ माझ्या डोळ्यांदेखत त्यानं तो सगळा माल भिंतीला थापला. मी भिंतीला कान लावून, बोटांनी टकटक करत इकडून तिकडे हिंडलो. शेजारी बाहेर आले. त्यांना खरं सांगण्यासारखं नव्हतं, कारण ते आप्पांबरोबर रोज फिरायला जातात. म्हणून म्हटलं, ओल आहे का बघतोय. त्यांचं तोंड उतरलं, आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी भिंतीवर आणखी एक थर चढवला. डोकं आता दोन बोटं आणखी आत गेलंय.)

रंगाचं काम छान चाललं आहे. जिन्यात हल्ली उजेड भरपूर असतो आणि हवाही खेळती राहते. घरातली सगळी माणसं (ताई, आता हा कंस मोठा आहे. आप्पा ‘पुढे काय?’ म्हणतील. ‘अक्षर लागत नाही’ म्हण, त्यांचा लगेच विश्वास बसेल. तर मी आधी नाक्यावरच्या आरसेवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, डोकं कशाला, अख्खी खिडकीच धुरकट काचेची करून देतो, बाथरूमला लावतात तशी. तिथून निघालो. मग एकानं सांगितलं, एकानं पाठवलं, असं करत करत मी शिसेकाकांकडे पोचलो. नाव वेगळं असेल, पण सगळा बाजार त्यांना शिसेकाकाच म्हणतो. रंगीत काचेची दुरुस्ती हाच त्यांच्या घराचा धंदा, त्यांच्या वडिलांपासूनचा. लांबच लांब टेबल, टेबलाच्या मधोमध दुधी काच आणि तिच्याखाली दिवा, भिंतीवर रंगाप्रमाणे उभे लावलेले काचेचे तुकडे, आणि स्टुलावर सत्तरीचे, कोरड्या चेहऱ्याचे शिसेकाका. मी म्हटलं, एक छोटासा तुकडा बसवायचाय. ते म्हणाले, ‘छोटा का मोठा ते मी ठरवीन. आधी पेशंट बघू.’ घरी आले, चौकटीच्या पट्ट्या काढल्या, सगळी काच अलगद उतरवून कांबळ्यात गुंडाळली आणि टेम्पोत स्वतः मांडीवर घेऊन बसले. मला मागे उभं केलं. तिथे गेल्यावर काचेवर कागद पसरून काळ्या खडूनं घासला, तशा शिशाच्या सगळ्या रेघा कागदावर उमटल्या. मग एकेका तुकड्याला नंबर दिला. एकूण शहाऐंशी तुकडे. सत्तेचाळीस नंबरचा चौकोन मोकळा सोडला, त्यात लिहिलं, ‘डोकं, बेपत्ता.’ शिसं म्हणे जागोजागी फाटलंय, सगळं उलगडून नव्यानं बांधावं लागेल. ते एक वेळ ठीक. पण नंतर त्यांनी पेन्सिल कानावर अडकवली आणि विचारलं, ‘पक्षी कुठला?’

ताई, जन्मापासून मी त्या पक्ष्याखालून जिना चढतोय. म्हटलं, पांढरा. ते म्हणाले, ‘रंग मला दिसतोय. कुठला?’ बदक असावं, असं मी म्हटलं. ‘असावं?’ शिसेकाकांनी पेन्सिल खाली ठेवली. ‘अंदाजानं माणसं लग्नं करतात. काचेचं काम अंदाजानं होत नाही. आमच्या वडिलांनी हा शब्द दुकानात कधी येऊ दिला नाही. साक्षीदार आणा.’ त्यांच्याकडे तशी रीतच आहे. हरवलेल्या तुकड्याला निदान तीन साक्षीदार लागतात, तिघांनी वेगवेगळं बसून आठवेल तसं चित्र काढायचं, आणि तिन्ही जुळली तरच काच कापायची. मी तुझ्या वहिनीला घेऊन गेलो. तिनं पाच मिनिटं विचार करून चोच काढली, मग चोचीतून वाफ काढली. मी म्हटलं, हे काय? तर म्हणते, किटली. वीस वर्षं ती त्याला किटली समजत होती! ‘सासूबाईंना चहा लागतो, म्हटलं माहेरच्यांनी हौसेनं किटली काढून घेतली असेल.’ आणि खालचं पाणी, लव्हाळे? ‘ते मला टेबलक्लॉथ वाटत होतं.’ मग धाकटे काका आले. त्यांनी छातीठोकपणे पोपट काढला. पांढरा पोपट पाण्यात काय करतो असं विचारल्यावर रागावले आणि त्याच रागात त्याला पिंजराही काढला. आमची मुलगी म्हणाली, तो पक्षीच नव्हे, ती नर्स आहे. तिचंही चित्र शिसेकाकांनी नंबर घालून फायलीला लावलं. शेवटी मला फोटो आठवले. आपल्या घरात झाडून सगळे फोटो त्याच जिन्यात काढलेले आहेत, तुझ्या बारशापासून. मी अल्बम नेले. ताई, तू घरी येशील तेव्हा स्वतः बघ. पंचेचाळीस फोटो, आणि पंचेचाळीसच्या पंचेचाळीस फोटोंत पक्ष्याच्या डोक्यासमोर आप्पांचं डोकं आहे. माणसं बदलतात, कपडे बदलतात, आपण दोघं वाढत जातो, पण आप्पा तिथून हलत नाहीत. शिसेकाकांनी भिंगातून एकेक फोटो तपासला आणि म्हणाले, ‘पुराव्यावर गेलो तर मला पक्ष्याला चष्मा आणि मिशा काढाव्या लागतील.’) मजेत आहेत.

तुमच्या फिरायला जायच्या काठीला तेल लावून ठेवलंय. बागेतल्या कुंड्यांना पाणी घालतो. तुम्ही अठरा तारखेला येताय हे ऐकून सगळ्यांना फार आनंद झाला. (ताई, माझं वय चव्वेचाळीस. ऑफिसात माझ्या हाताखाली अकरा माणसं आहेत, त्यांतली दोन मला घाबरतात. पण अठरा तारीख दिसू नये म्हणून मी कॅलेंडर भिंतीकडे तोंड करून टांगलंय. आप्पा ओरडले तर ओरडू देत, त्याची सवय आहे. पण ते ओरडणार नाहीत. जिन्याच्या वळणावर उभे राहतील, त्या भोकाकडे बघतील आणि ‘हं’ म्हणतील. ते ‘हं’ मी दहावीच्या निकालाला ऐकलंय, स्कूटर नाल्यात घातली तेव्हा ऐकलंय, पुन्हा ऐकायची माझ्यात ताकद नाही. आणि खरं सांगू? मला आईचं जास्त वाईट वाटतं. ती कधी बोलत नाही, पण जिना चढताना त्या काचेपाशी दोन मिनिटं टेकते. आम्हाला वाटायचं गुडघ्यांमुळे. तिच्या घरची तेवढी एकच खूण होती, आणि मी तिच्यात खिळा ठोकला.)

असो. पत्र जरा त्रोटक झालं, पण लिहिण्यासारखं विशेष काही घडलंच नाही. डोळ्याला जपा, ताईचं ऐका. सगळ्यांना जिथल्या तिथे नमस्कार आणि आशीर्वाद.

तुमचा,
अजून तरी आज्ञेबाहेर न गेलेला मुलगा

ता. क. १ : (ताई, खरं पत्र इथून सुरू होतं. दोन कामं कर. पहिलं, आप्पांना अठराच्या ऐवजी तीस तारखेपर्यंत अडकवून ठेव. शिसेकाका त्याआधी काच देणार नाहीत. डोक्यावर डोळा आणि चोच रंगवून ते भट्टीत घालायचं असतं, मग शिशात बांधणी, मग सांध्यांना डाख, मग फटींत पुटी भरून ती वाळेपर्यंत काचेला हात लावायचा नाही. कारण काय सांगायचं ते तुझं तू बघ. डॉक्टरांना मध्ये घाल, नाहीतर सरळ नळ बिघडव. दुसरं काम जास्त नाजूक आहे. आप्पांना सहज बोलता बोलता विचार, की तो पक्षी कुठला होता. एकदम विचारू नकोस. आधी पक्ष्यांवर गप्पा काढ, मग पाण्यातले पक्षी, मग पांढरे. तू स्वतः मोठी आहेस, तुला काही आठवत असेल तर तेही कळव. मागे तू कधीतरी हंस म्हणाली होतीस असं मला अंधूक आठवतं, पण तेव्हा तू माझ्याशी भांडत होतीस, त्यामुळे ते धरता येत नाही.)

ता. क. २ : ताई, पत्र पाकिटात घातलं होतं, ते फोडून पुन्हा लिहितोय. आज सकाळी शिसेकाकांनी तातडीनं बोलावून घेतलं. वरचं दुसरं काम रद्द. आप्पांना काहीही विचारू नकोस. उलट हा मजकूर कंसात नाही हे नीट बघून घे आणि मोठ्यानं वाच. फक्त आई खोलीत नसताना वाच. ती असेल तर तिला चहा ठेवायला पाठव.

आप्पा, जिन्यातली काच फुटली. माझ्या हातून फुटली. तिला धक्का लागू नये म्हणून गादी टांगताना चौकटीत खिळा ठोकला आणि मधल्या पक्ष्याचं डोकं गेलं. मी तुमच्यापासून लपवलं, हे चुकलं. आता पुढचं ऐका. काचकाम करणारे लोक दुरुस्तीची नोंद काचेवरच सुईनं कोरून ठेवतात, तुकड्याच्या कडेला, शिशाच्या पट्टीखाली जाईल अशी. पुढच्या दुरुस्तीला पट्टी उलगडेपर्यंत ती कोणाला दिसत नाही. आज मानेच्या तुकड्यावरची पट्टी उलगडली, तर खाली शिसेकाकांच्या वडिलांच्या हातची अक्षरं निघाली. तारीख मी दोन वर्षांचा होतो तेव्हाची. अक्षरं मुंगीएवढी आहेत, पण भिंगातून स्वच्छ वाचता येतात. ‘पडदा ठोकताना मालकांकडून फुटली. बाई माहेरी. बाईंना कळू नये. डोकं मालकांच्या अंदाजानं, बदक.’

शिसेकाका त्यातला ‘अंदाजानं’ हा शब्द वाचून अर्धा तास स्टुलावर बसून होते. मी त्यांना पाणी दिलं. मला मात्र, आप्पा, काय झालं ते सांगतो. मी आधी हसलो, मग हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. बेचाळीस वर्षं तुम्ही एकट्यानं हे सांभाळलंत! आम्ही जोरात शिंकलो तरी तुमचा जीव का जायचा, ते आज कळलं. मला आयुष्यभर वाटायचं की तुमच्यातलं माझ्यात काही आलेलं नाही. खिळा तरी आला. आईला मी काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तुम्ही आता तीस तारखेपर्यंत निवांत तिकडेच राहा, इथलं मी बघतो. आणि घरी आल्यावर ‘हं’ म्हणायचं नाही.

ता. क. ३ : (ताई, पुन्हा कंस. हे आता आप्पांना वाचायचं नाही. आईला वाचून दाखव, आप्पा आंघोळीला गेले की. हे पत्र घेऊन मी पोस्टाच्या दारापर्यंत गेलो आणि तिथे शिसेकाकांचा फोन आला, म्हणून हे पोस्टातल्या बाकावर बसून लिहितोय. अक्षर खरंच लागणार नाही. त्यांनी मानेखालचा, छातीचा तुकडा सोडवला. त्याच्या कडेलाही कोरलेलं आहे, त्याच हातचं, तारीख नऊ दिवसांनंतरची, काच घरी पोचवण्याच्या आदल्या दिवसाची. ‘बाई येऊन पाहून गेल्या. बदक नव्हतं म्हणाल्या. राहू द्या म्हणाल्या. मालकांना कळू नये.’

तेव्हा आईला एवढंच विचार, की तिच्या वडिलांनी दिलेल्या काचेत खरं डोकं कुठल्या पक्ष्याचं होतं. त्या घरातलं आता दुसरं कोणी राहिलेलं नाही, तिच्याखेरीज हे कोणाला ठाऊक नसणार. शिसेकाका म्हणतात, तिची एकटीची साक्ष तिघांच्या जागी धरू, नियम मोडला तरी चालेल. ती जे सांगेल ते ते कापतील, रंगवतील, भाजतील. आणि तिनं जर बदकच करायला सांगितलं, तर कारण विचारू नकोस.)